नऊ दिवसांची यादी

इस्पितळात तिला सगळे कपाटबाई म्हणत. हे नाव लॅबच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंमुळे पडलं. एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं होतं, की तुम्ही इतकी वर्षं इथे आहात, पण नेमकं करता काय? हिने डब्याचं झाकण लावलं आणि समजावून सांगितलं. तुम्ही संगणकावर जे जे साठवता, रक्ताचे रिपोर्ट, फोटो, चिठ्ठ्या, ते कुठेतरी ठेवावं लागतं ना? तळघरात त्याचं एक मोठं कपाट आहे असं समजा. त्यात शेकडो कप्पे आहेत. आम्ही त्यांना व्हॉल्यूम म्हणतो. कुठला कप्पा कोणाला द्यायचा, भरत आला की वाढवायचा, रिकामा पडला की आवरायचा, हे माझं काम. आणि रस्त्यापलीकडच्या इमारतीत तस्संच दुसरं कपाट आहे. इकडच्या कप्प्यात अक्षर उमटलं की तिकडच्या कप्प्यात तेच अक्षर उमटलं पाहिजे, हेही माझंच काम.

दुसऱ्या दिवसापासून ती कपाटबाई झाली. तिला त्याचं वाईट वाटलं नाही. ज्या कामात काही घडलं नाही म्हणजे ते उत्तम झालं असं धरतात, त्या कामात बावीस वर्षांनी का होईना, माणसाला नाव मिळालं हेच पुष्कळ.

तळघरातल्या खोलीला ती ‘खालची’ म्हणे आणि रस्त्यापलीकडे तिसऱ्या मजल्यावर होती तिला ‘वरची’. खालच्या खोलीत बारा महिने थंडी असे, म्हणून खुर्चीच्या पाठीला तिचा स्वेटर कायमचा अडकवलेला. यंत्रांच्या घरघरीत बोलायचं म्हणजे आवाज चढवावा लागे आणि तो घरी गेल्यावरही खाली येत नसे. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर टिकटिक ऐकणारा तो माणूस म्हणायचा, "अगं, मी समोरच बसलोय. पलीकडच्या इमारतीत नाही."

तिच्या हाताखाली एकच माणूस होता. वयाने छत्तीसचा, दोन लेकरांचा बाप, पण ती त्याला धाकटा म्हणायची आणि तो तिला ताई. नऊ वर्षांपूर्वी आला तेव्हा त्याला कप्पा आणि कपाट यांतला फरक कळत नव्हता. तिने हाताला धरून शिकवलं. त्याच्या मुलीच्या कानाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ऑपरेशनच्या दाराबाहेर ती त्याच्या बायकोचा हात धरून साडेचार तास बसली होती. तिला सख्खा भाऊ होता, पण तो लांब, आईजवळ. जवळचा भाऊ हाच.

मग नवे साहेब आले. बाहेरून, कुठल्याशा मोठ्या कंपनीतून. फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनांना बाण जोडायचे आणि बाण जोडले की काम झालं असं समजायचे. खालच्या खोलीत ते वर्षभरात दोनदा उतरले असतील. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणजे काय, हे तिला त्यांच्याकडे पाहून कळलं.

साहेबांनी आल्याआल्या दोन गोष्टी केल्या. दोन्ही कपाटांखेरीज ती रोज रात्री सगळ्या कप्प्यांची एक तिसरी प्रत काढून वेगळी बाजूला ठेवायची. ते काम सकाळी आठपर्यंत रेंगाळायचं आणि तपासणीच्या खोल्यांतले संगणक तोवर मंद चालायचे. डॉक्टर कुरकुरत होते. साहेबांनी ती तिसरी प्रत बंद केली. दोन जागी सगळं आहे, मग तिसरी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

ती म्हणाली, "साहेब, पलीकडची नक्कल आरशासारखी आहे. इकडे तोंडाला काळं फासलं, तर आरशातलं तोंड गोरं राहत नाही."

साहेब मनापासून हसले. हसले आणि पुढच्या विषयाकडे वळले. तिने घरी येऊन दीड पानाचं पत्र लिहिलं. नक्कल म्हणजे राखण नव्हे, चूक झाली तर क्षणात चुकीचीही नक्कल होते, आणि मग परत जायला जागा उरत नाही, असं स्वच्छ लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

दुसरी गोष्ट नावांची. खालची आणि वरची ही काय नावं आहेत, असं म्हणून साहेबांनी पडद्यावरची नावं बदलून घेतली. खालची झाली प्रायमरी, वरची झाली सेकंडरी. ऐकायला भारदस्त वाटत होतं. तिने नावापुरता विरोध केला आणि सोडून दिलं. नावात काय आहे, असं तिलाही तेव्हा वाटलं.

त्यानंतर चार महिन्यांनी, एका गुरुवारी दुपारी, खालच्या खोलीला थंड ठेवणारी पाण्याची नळी फुटली. ती आत शिरली तेव्हा फरशीवर घोटाभर पाणी होतं. धाकट्याने मुख्य वीज कुठे तोडायची ते पाहिलं, तिने एकेक कप्पा क्रमाने मिटवला आणि पन्नास मिनिटांत सगळं इस्पितळ वरच्या खोलीवर चालू केलं. वॉर्डातल्या एकाही नर्सला काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सभागृहात साहेबांनी ‘आपल्या यंत्रणेचं’ तोंड भरून कौतुक केलं. ती तिसऱ्या रांगेत ओल्या बुटांत पाय आखडून बसली होती. धाकटा कानाशी येऊन म्हणाला, यंत्रणेचे बूट अजून वाळले नाहीत वाटतं. दोघं तोंडावर हात ठेवून हसली. त्या दोघांचं एकत्र हसणं ते शेवटचंच.

नऊ दिवस इस्पितळ वरच्या खोलीवर चाललं. तोवर खालची खोली कोरडी झाली, नवी नळी बसली, फरशी चकाचक झाली. आता परत फिरायचं होतं, आणि परत फिरणं हेच खरं नाजूक काम होतं. कारण नऊ दिवसांत जे जे नवं साठलं ते फक्त वर होतं. खालचं कपाट नळी फुटली त्या गुरुवारी थांबलं होतं. आधी वरचं सगळं खाली उतरवायचं, ताळा बघायचा आणि मगच इस्पितळ खाली आणायचं. यंत्रं एवढी हुशार होती की सगळं उतरवायची गरज नव्हती. दोन्ही कपाटांत जिथे जिथे फरक दिसेल तेवढंच उचलून लिहायचं. दिवसभराचं काम तासाभरात व्हायचं. ही सोय तिनेच हट्टाने मागून घेतली होती. काम रविवारी सकाळी करायचं ठरलं.

शुक्रवारी संध्याकाळी भावाचा फोन आला, की आई न्हाणीघरात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तिने दोन दिवसांची रजा मागितली. साहेब म्हणाले, जा, आई पहिली. निघण्याआधी तिने धाकट्यासाठी अकरा पायऱ्यांचा कागद लिहिला. तिसरी पायरी लाल शाईने: दिशा वरून खाली, उलट कधीही नाही. कागद हातात देताना तिने बजावलं, की मी रविवारी सकाळी येते, मी येईपर्यंत हात लावू नकोस. मग कागद कशाला, असं त्याने विचारलं. तर म्हणाली, माझं काही बरंवाईट झालं तर असू दे.

पुढचं तिला धाकट्यानेच सांगितलं, ते सुद्धा पहिल्याच दिवशी. नंतर तो वेगळं बोलायला शिकला.

शनिवारी दुपारी साहेबांना कळलं, की इस्पितळाचा दर्जा तपासणारी मंडळी बुधवारऐवजी रविवारी सकाळीच येताहेत. त्यांना चकाचक खालची खोली चालू स्थितीत दाखवायची होती. साहेब स्वतः उतरले आणि धाकट्याच्या मागे उभे राहिले. धाकट्याने कागद समोर ठेवला. कागदावर वरून खाली लिहिलेलं. पडद्यावर वर नव्हतं की खाली नव्हतं. पडदा विचारत होता, प्रायमरीकडून सेकंडरीकडे की सेकंडरीकडून प्रायमरीकडे? आता नऊ दिवस सगळं वर चाललं होतं, तर प्रायमरी म्हणजे आज जी मुख्य आहे ती, की मूळची खालची? धाकट्याचा हात थांबला. तो म्हणाला, ताईला विचारून घेतो.

साहेब म्हणाले, "अजून किती दिवस ताईचं बोट धरून चालणार?"

त्याने दाबलं. प्रायमरीकडून सेकंडरीकडे.

त्या वेळी ती आईच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसली होती. फोन मांडीवर होता, आवाज मोठा करून ठेवलेला. दिवसभरात तो एकदाही वाजला नाही.

रविवारी सकाळी ती बसमधून उतरून बॅगेसकट थेट खाली गेली. तपासणीची मंडळी नुकतीच खोली बघून, खूश होऊन वर गेली होती. तिने पडदा उघडला. प्रत्येक कप्प्याची शेवटची तारीख त्या गुरुवारची. आधी तिला वाटलं पडदा जुना आहे. तिने तो बंद करून पुन्हा उघडला. मग रस्ता ओलांडून तीन मजले चढून वरच्या कपाटात पाहिलं. तिथेही गुरुवार. जिथे जिथे फरक होता तिथे तिथे यंत्रांनी नवं पुसून जुनं लिहिलं होतं, आणि तेही फक्त अडतीस मिनिटांत. दोन्ही कपाटं आता हुबेहूब सारखी होती. तिसरी प्रत नव्हतीच.

ती वरच्या खोलीत पायरीवर बसली. धाकटा मागोमाग धापा टाकत आला होता. तो रडायला लागला आणि सगळं सांगत सुटला. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. पुढे कित्येक महिने तिला त्या हाताचा राग येत राहिला.

साहेबांनी त्याच दिवशी ठरवून टाकलं. त्या नऊ दिवसांतलं कोणी आपणहून विचारायला आलं तर ‘तांत्रिक कारण’ सांगायचं आणि तपासणी पुन्हा करून द्यायची. आपण होऊन कोणाला कळवायचं नाही. उगाच घबराट नको.

मग चौकशी समिती बसली, लांब टेबल, तीन माणसं. धाकट्याला आधी बोलावलं. ती शेजारच्या खुर्चीवरच होती. त्याने समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे बघत सांगितलं, की ताईंनी दिलेला कागद स्पष्ट नव्हता. वरून खाली ही तांत्रिक भाषा नव्हे, असं साहेबांनी पुढे जोडलं. समितीतल्या एकाने कागद उलटसुलट करून पाहिला, जणू दुसऱ्या बाजूला काही निराळं लिहिलेलं असावं.

तिला अजून धीर होता, कारण तिच्याजवळ ते पत्र होतं. चार महिने आधीचं, म्हणून ते शाबूत होतं. तिने ते पुढे केलं. अध्यक्षांनी दीडच्या दीड पान शांतपणे वाचलं. चष्मा काढला.

"म्हणजे धोका किती मोठा आहे हे तुम्हाला पूर्ण माहीत होतं," ते म्हणाले. "आणि तरी तुम्ही त्या दोन दिवसांत जागा सोडून गेलात."

ज्याला काहीच कळत नव्हतं तो निर्दोष ठरला होता, आणि जिला कळत होतं ती कळत होतं म्हणूनच दोषी. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण तिने शंभरदा ऐकली होती. पण संन्याशाने स्वतःच दोर आणून दिला, असं कुठे ऐकलं नव्हतं.

नोकरी गेली नाही. तिला खिडकी क्रमांक चारवर बसवलं. तिथे लोक हरवलेले कागद विचारायला येत. धाकटा तिच्या खुर्चीवर बसला. स्वेटर त्याने शिपायाबरोबर पाठवून दिला, नीट घडी घालून.

खिडकीवर रोज कोणीतरी यायचं. एक बाई तिसऱ्यांदा हात टोचून घ्यायला आलेलं पोर कडेवर घेऊन उभी राहायची आणि नुसती बघायची. एक म्हातारा रोज नव्याने भांडायचा. कपाटबाई ऐकून घ्यायची. पण तिच्या डोक्यात जे येत नव्हते ते लोक फिरत होते. ज्यांना वाटत होतं की काही कळवलं नाही, म्हणजे सगळं ठीक आहे.

एक दिवस तिला समजलं, की स्कॅनच्या खोलीतला ऑपरेटर जुन्या सवयीने आलेल्या प्रत्येकाचं नाव आणि फोन एका वहीत हाताने लिहून ठेवतो. सगळे त्याला हसायचे. ती जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे गेली. त्याने काही न विचारता वही दिली. नऊ दिवस, चारशे बारा माणसं. तिने चार दुपारी बसून सगळी यादी आपल्या वहीत उतरवून घेतली. नवरा म्हणाला, बावीस वर्षं यंत्राकडून नकला करून घेतल्यास, आता हाताने करतेस. ती हसली नाही.

घरी आल्यावर, स्वयंपाकाआधी, ती रोज दहा-बारा फोन करायची. तुमची तपासणी हरवली आहे, कृपा करून पुन्हा येऊन करून घ्या. बऱ्याच जणांनी दुसरीकडून करून घेतलं होतं. काहींनी शिव्या दिल्या. एकाने तिला फसवणूक करणारी समजून पोलिसांची भीती घातली. काही नंबर बंद होते. शाळेत शिकवणारी एक बाई येऊन स्कॅन करून गेली, काहीतरी वेळेत सापडलं, उपचार सुरू झाले. तिला कधी कळलंही नाही की फोन कोणी केला होता.

एक बसड्रायव्हर यादीत खाली होता. त्याचा फोन तीन आठवडे लागत नव्हता. लागला तोवर पाचवा महिना उजाडला होता. फोनवर तो मोकळेपणी हसला. म्हणाला, खोकल्यासाठी फोटो काढला होता बाई, कोणी काही कळवलं नाही, म्हणजे चांगलंच असणार. तिने अजिजीने सांगितलं, तरी या. तो गुरुवारी आला, डबा हातात, कामावरून परस्पर. दोन तासांनी स्कॅन वाचणारे वयस्कर डॉक्टर स्वतः खिडकीशी आले. एरवी ते कधी त्या बाजूला फिरकत नसत.

"हे मी तेव्हाच पाहिलं होतं," ते म्हणाले. "ताबडतोब बोलवा असं लिहिलंही होतं. दिवसाला साठ फोटो बघतो मी. लिहिलं की माझ्या डोक्यातून जातं."

तेव्हा छातीतला तो डाग बोराएवढा होता. आता तसा राहिला नव्हता.

ड्रायव्हरच्या बायकोने तिला विचारलं, की पाच महिने कुणीच का सांगितलं नाही. तांत्रिक कारण, असं म्हणायचं होतं. तिने नळी, शनिवार, दिशा, सगळं सांगितलं. त्याच्या भावाने ते लेखी विचारलं आणि पत्र साहेबांच्या टेबलावर गेलं.

साहेबांनी तिला बोलावून विचारलं, की असे फोन करायला तुम्हाला कोणी सांगितलं?

"कोणी नाही," ती म्हणाली. "म्हणूनच केले."

निवृत्तीला आठ महिने उरले होते. तिने स्वतःहून जावं, असं सुचवलं गेलं. सुचवताना सगळे फार अदबीने बोलत होते. ती गेली. दोन महिन्यांनी साहेबही गेले, आणखी मोठ्या इस्पितळात, आणखी मोठ्या जागेवर.

त्यानंतर एकदा धाकटा घरी आला. घड्याळं ठेवलेल्या टेबलाशी बसला. नवरा दुकानात गेला होता. बराच वेळ धाकटा मुलीच्या शाळेबद्दल बोलत राहिला. मग म्हणाला, की तिसरी प्रत पुन्हा सुरू करायला मंजुरी मिळाली आहे. तिने मान हलवली.

"ताई, माझ्यापुढे इलाज नव्हता," तो अखेर म्हणाला. "साहेबांनी सांगितलं, एकाला जावंच लागेल. मला दोन लेकरं आहेत."

"इलाज होता," ती म्हणाली. "फोन माझ्या मांडीवर होता."

तो उठला. वाकून नमस्कार करायला लागला तर ती मागे सरली. तो दाराशी थोडा घोटाळला, चपलेत पाय नीट जाईना, आणि मग गेला. तिने दार लावलं आणि त्याने न प्यायलेला चहा मोरीत ओतला.

ड्रायव्हर गेल्याचं तिला त्याच्या बायकोनेच फोन करून कळवलं. ती भांडायला लागेल असं कपाटबाईला वाटलं होतं. पण ती अगदी थकलेल्या, सरळ आवाजात बोलत होती. शेवटचे महिने औषधांच्या उलट्यांत कसे गेले ते तिने सांगितलं. त्याने गाडी चालवणं सोडलं तेव्हा तो कसा गप्प झाला तेही.

"उशीर झालाच होता," ती म्हणाली, "तर तुम्ही फोन कशाला केलात बाई? ते पाच महिने तो हसून-खेळून होता. आणखी थोडे दिवस तसाच राहिला असता."

तिकडून फोन ठेवला गेला.

दोन दिवस तिने वही उघडली नाही. नवऱ्याने एकदा विचारलं, आता पुरे ना? यादीत तेवीस जण उरले होते. बहुतेकांचे नंबर बंद, काहींनी कधी उचललेच नव्हते. यातल्या कोणाच्या पोटात, छातीत काय आहे, ते ठीक आहे की नाही, वेळ उरली आहे की गेली, हे तिला कळायला मार्ग नव्हता. सांगितलं तर कोणाचं भलं होईल आणि कोणाचे उरलेले चार सुखाचे दिवस नासतील, हेही नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने भांडी घासून हात पुसले, वही घेतली आणि पुढचा नंबर लावला. या नंबरावर आजवर चारदा नुसती घंटी वाजली होती. आज एका पुरुषाने उचलला आणि घाईत विचारलं, कोण बोलतंय?

"इस्पितळातून," असं तिच्या तोंडातून सवयीने निघालं. मग तिने ते दुरुस्त केलं. म्हणाली, पूर्वी मी तिथे कामाला होते, तुमचा दोन मिनिटं वेळ हवा आहे.

तो म्हणाला, बोला.